फवारणी भिंतींची, शुश्रूषा माणसांची

मुंबईहून जुन्या महामार्गाने निघालेले वाहन खोपोलीच्या शिळफाट्यावर आले की बोरघाटाची चाहूल लागते. एक रस्ता घाट चढून पुण्याकडे जातो, दुसरा पेणकडे वळून कोकणात उतरतो. या महामार्गाच्या एका टोकाला परळची हाफकिन संस्था आहे, तर दुसऱ्या टोकाला पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था. रोगजंतूंविषयीचे ज्ञान दोन्ही टोकांना आहे. मधल्या फाट्यावर त्यातले किती पोहोचले, हा खरा प्रश्न आहे. उद्या अशा गजबजलेल्या नाक्यावर कोणी घातकी माणसाने रोगजंतूंची भुकटी उधळली, तर अंगावर ती पडलेल्या शे-दोनशे माणसांचे पहिल्या तासात काय करायचे?

हा प्रश्न काल्पनिक मानून सोडून देता येणार नाही. २००१ साली अमेरिकेत टपालाच्या पाकिटांतून अँथ्रॅक्सचे जंतू पाठविले गेले. २२ जण आजारी पडले, त्यांतील ५ दगावले. वॉशिंग्टनमधील ब्रेंटवूडचे टपाल केंद्र क्लोरिन डायऑक्साइड वायूने शुद्ध करावे लागले आणि ते पुन्हा उघडण्यास डिसेंबर २००३ उजाडला. इमारतीला वायू लागला. माणसांना मात्र लागली ती औषधे. सुमारे दहा हजार लोकांना साठ दिवस प्रतिजैविके घेण्याचा सल्ला देण्यात आला. वास्तू आणि माणूस यांच्या शुद्धीतील हा भेद मुळातच समजून घेतला पाहिजे.

माणसाच्या शुद्धीची रीत साधी आहे. भुकटी झटकायची नाही. झटकल्याने ती हवेत उडते आणि श्वासावाटे आत जाते. नाक-तोंड झाकून त्या जागेपासून दूर व्हायचे. वरचे कपडे डोक्यावरून न ओढता, गरज पडल्यास कापून उतरवायचे आणि पिशवीत बांधून ठेवायचे. एवढ्यानेच अंगावरचा बहुतांश संसर्ग दूर होतो. मग साबण आणि भरपूर पाण्याने स्नान. त्वचा खरवडून काढायची नाही, कारण तिला पडलेली चीर हीच जंतूंची वाट ठरते. शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच विसरली जाते. प्रत्येकाचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक नोंदवायचा. रासायनिक विषाचा परिणाम बहुधा लगेच दिसतो, रोगजंतूंचा मात्र काही दिवसांनी. नोंद नसेल तर औषध कोणाला द्यायचे आणि लक्ष कोणावर ठेवायचे, हेच कळणार नाही.

या साध्या रीतीचा विसर पडला की काय होते, ते कोरोनाच्या काळात देशाने पाहिले. मार्च २०२० मध्ये उत्तर प्रदेशात बरेली येथे गावी परतणाऱ्या श्रमिकांना, मुलाबाळांसह, रस्त्यावर बसवून त्यांच्यावर सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण फवारण्यात आले. महाराष्ट्रातही ठिकठिकाणी निर्जंतुकीकरणाच्या कमानी उभ्या राहिल्या. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिल रोजी माणसांवर अशी फवारणी करू नये, असे बजावले. ५ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानेही या प्रकाराला मनाई करण्याचे निर्देश दिले. फरशीसाठी असलेले द्रावण डोळे, त्वचा आणि फुप्फुसांना अपाय करते. शरीरात शिरलेला विषाणू त्याने मरत नाही. हेतू चांगला होता, पण शास्त्र सुटले, आणि त्याबरोबर माणसाचा मानही सुटला.

हा धडा महाराष्ट्राला नवा नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात रँडच्या अधिपत्याखाली गोरे सैनिक घराघरांत शिरले. तपासणी आणि निर्जंतुकीकरणाच्या नावाखाली जी विटंबना झाली, तिचे पर्यवसान २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंच्या हातून रँडच्या वधात झाले. त्याच वर्षी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. एकाच साथीची ही दोन रूपे आहेत. एकात माणूस हा संसर्गाचा साठा मानला गेला, दुसऱ्यात तो आपला माणूस होता. जिथे अपमान होतो, तिथे रोगी लपतो आणि लपलेला रोग पसरतो.

बाहेरून आल्यावर हातपाय धुणे, अंत्यसंस्काराहून परतल्यावर स्नान करणे हे आपल्या घरांना परिचित आहे. पण याच समाजात शुद्धीच्या नावाने शिवाशीवही पोसली गेली, हेही विसरता कामा नये. शिवाशीव माणसाला दूर लोटते. शुद्धीचे काम त्याला स्वच्छ करून पुन्हा आपल्यात आणण्याचे आहे.

शिळफाट्यासारख्या ठिकाणी काय हवे, याची यादी मोठी नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी तळेगावजवळ सुदुंबरे येथे आहे. पण घाट उतरून ती येईपर्यंतचा वेळ स्थानिकांचाच असतो. बोरघाटातील अपघातांत रात्री-अपरात्री धावून जाणारे खोपोलीचे तरुण आहेत. त्यांना, पोलिसांना आणि अग्निशमन दलाला एकत्र सराव हवा. सर्वांत आधी त्यांचे स्वतःचे रक्षण व्हावे, म्हणून मुखपट्ट्या व हातमोजे हवेत. स्त्री-पुरुषांसाठी वेगळे आडोसे, साबण, पिशव्या, अंगावर घालायला कोरडे कपडे आणि एक नोंदवही हवी. खोपोलीत १९१५ पासून टाटांच्या जलविद्युत केंद्रातून खाली उतरणारे पाणी पाताळगंगेला मिळते. पाण्याला तोटा नाही. मात्र धुतलेले पाणी त्याच नदीत जाऊ नये, कारण खालच्या वस्त्या तेच पितात.

शासनाने आराखडे करावेत, हे खरेच. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची जैविक आपत्तीविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २००८ पासून उपलब्ध आहेत. पण कागदावरचा आराखडा आडोसा धरायला येत नाही. भेदरलेल्या अनोळखी माणसाच्या हाती साबण आणि कोरडे वस्त्र देणारा शेजारी तिथे उभा असावा लागतो. तो संकटाच्या दिवशी आपोआप उभा राहत नाही, त्याला आधी तयार करावे लागते. हे काम समाजाचे आहे.