घोडा महागाचा, लगाम सुतळीचा

तारापूरच्या अणुवीज केंद्रातून १९६९ पासून निघते ती वीज ५० हर्ट्झची. बोईसरपासून नवापूरच्या किनाऱ्यापर्यंत कुठेही काटेकोर ऑसिलेटर मांडा, ही गुणगुण त्याच्या नियंत्रण-व्होल्टेजच्या तारेत शिरायला टपलेलीच असते. आपण मात्र सारा पैसा क्रिस्टलवर ओततो आणि तार उघडी सोडतो. हिशेब सोपा आहे. १० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर एका व्होल्टला १ हर्ट्झ सरकत असेल, तर एका मिलिव्होल्टची लहर त्याला दहा अब्जांत एक भाग हलवते. चांगला क्रिस्टल याच्या शंभरपट स्थिर असतो. म्हणजे ती स्थिरता विकत घेऊन पाण्यात घातली. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ३० अँटेनांचे ऑसिलेटर एकाच संदर्भाला बांधलेले आहेत. अशा संदर्भाची वारंवारता गुणत वाढवत नेली की त्यातली थरथरही तितक्याच पटीने वाढते.

उपाय म्हणजे त्या तारेवर रोध आणि कपॅसिटरचा फिल्टर. फिल्टरने नियंत्रण मंदावते, हा आक्षेप वेगवान लूपपुरता खराच आहे. १०० किलोओम आणि १० मायक्रोफॅरडची जोडी ५० हर्ट्झची लहर तीनशे पट दाबते, पण सेकंदाचा उशीर लावते. मात्र जीपीएसला जोडलेला ऑसिलेटर मिनिटामिनिटांच्या गतीने सुधारला जातो. तिथे सेकंदाचे काय मोठे? खरा धोका वेगळाच. स्वस्त इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधून एक मायक्रोअँपिअर झिरपला, तरी त्या रोधावर दशांश व्होल्ट पडतो, आणि तो तापमानागणिक बदलतो. तिथे फिल्म कपॅसिटरच हवा, जागा जास्त खाल्ली तरी.