पिशवी आणि गर्भाशय

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याला ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्ष पूर्ण झाले, पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा वाद २९ जून रोजी शासन निर्णय मागे घेतले गेल्यावर तूर्त निवळला, आणि सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यातील उभी पिके आडवी केली. सरत्या वर्षाचा आढावा एवढ्यावरच आटोपता घेतला, तर या अंकाचे जुने वाचक तक्रार करणार नाहीत. वर्षभर सलत राहिलेली गोष्ट वेगळीच आहे: अभिजात ठरलेल्या या भाषेतून ऊसतोड मजूर स्त्रीला तिच्याच शरीराविषयीची माहिती कळत नाही.

दिवाळी अंक घरोघरी पोचतात त्याच सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची वाट धरतात. फडावर एकत्र राबणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात, मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेल्या आगाऊ रकमेला 'उचल', आणि चुकलेल्या दिवसापोटी कापल्या जाणाऱ्या पैशाला 'खाडा'. दवाखान्यात गेलेला दिवस उचलीच्या हिशेबात खाडा म्हणून चढतो. त्यामुळे पाळीचा त्रास, पांढरे जाणे, कंबरदुखी ही सारी दुखणी हंगाम संपेपर्यंत अंगावर काढली जातात.

याचा शेवट कशात होतो, हे २०१९ मध्ये उघड झाले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीसमोर आलेल्या बीड जिल्ह्यातील पाहणीनुसार ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढली गेली होती, म्हणजे दर सहा जणींमागे एकीचे. देशपातळीवर १५ ते ४९ वयोगटातील महिलांमध्ये हेच प्रमाण सुमारे तीन टक्के आहे.

या आकड्यांमागे दारिद्र्य आहे, खासगी दवाखान्यांचा लोभ आहे आणि सरकारी दवाखान्यांची अनुपलब्धताही आहे. पण ज्या दुव्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले, तो भाषेचा आहे. संमतीपत्रावर छापलेला शब्द 'गर्भाशय' असतो, बोलण्यातला शब्द 'पिशवी'. पिशवी म्हटले की लेकरे झाल्यावर तिचे काम संपले, असे आपोआपच वाटू लागते. तिच्यासोबत अंडाशये, म्हणजे स्त्रीबीज आणि संप्रेरके तयार करणारे अवयव, काढले गेल्यास पाळी जाण्याच्या वयातले सारे त्रास ऐन तिशीत सुरू होतात आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो, ही माहिती त्या शब्दाच्या पोटात नाही. याउलट 'काढली नाही तर कॅन्सर होईल' हे वाक्य मात्र एकदा ऐकले की कायमचे कळते.

म्हणूनच 'मजूर अडाणी असल्याने माहिती पोचत नाही' ही सरकारी सबब मान्य करता येत नाही. चुकीची माहिती याच बायांपर्यंत बिनचूक पोचली; तिला निरक्षरता आडवी आली नाही, कारण ती तोंडी होती, थोडक्यात होती आणि ऐकणारीच्या बोलीत होती. खरी माहिती मात्र 'प्रतिबंधात्मक उपाययोजना' आणि 'प्रसूतिपूर्व तपासणी' अशा शब्दांचा साज चढवून आरोग्य केंद्राच्या भिंतीवर बसून राहिली.

मजकुराऐवजी चित्र छापले की प्रश्न मिटतो, हाही भाबडेपणाच आहे, कारण चित्रसुद्धा वाचायला शिकावे लागते. कीटकनाशकाच्या डब्यावरील लाल, पिवळा, निळा आणि हिरवा हे त्रिकोण विषारीपणाची उतरती पायरी दाखवतात. ही खूण कोणी समजावून सांगितली नाही, तर हिरवा त्रिकोण म्हणजे पिकाला चांगले आणि माणसाला बिनधोक, असा समज होणे अगदी साहजिक आहे.

उपाय खर्चिक नाहीत, फक्त गैरसोयीचे आहेत. पहाटे अंधारात फडावर गेलेला कोयता दिवस मावळल्यावर कोपीत, म्हणजे पालाच्या तात्पुरत्या खोपटात, परततो. त्यामुळे दुपारी आलेल्या आशा स्वयंसेविकेला तेथे म्हातारी माणसे आणि लहान पोरेच भेटतात. माहिती द्यायची तर संध्याकाळी चुलीपाशी बसून द्यावी लागेल, किंवा टोळी निघण्यापूर्वी गावातच. आरोग्यशिक्षणात 'परत वदवून घेणे' नावाची साधी रीत आहे: 'कळले का?' असे न विचारता, ऐकणारीला तेच तिच्या शब्दांत सांगायला लावायचे. 'कळले का?' या प्रश्नावर मान सगळेच डोलावतात.

बोली हा यंदाच्या अंकाचा विषय आहे, आणि त्यातील लेख शब्दांच्या गोडव्याविषयी पुष्कळ सांगतील. त्या गोडव्यासोबत एवढेही मागणे रास्त ठरेल की आरोग्य विभागाने पुढचा फलक रंगवण्याआधी त्यावरील मजकूर एखाद्या कोपीसमोर वाचून दाखवावा, आणि तेथील बाईला तो परत सांगता आला नाही तर अडाणी त्या मजकुराला म्हणावे.

हा अंक वाचून होईपर्यंत टोळ्या फडावर पोचलेल्या असतील.