हीटर तोडू नका, आधी केबल बघा

भर मे महिन्यात नॉब थंडवर असूनही एसीवाल्या पिकअपच्या केबिनात गरम वारं येत राहिलं, की बरेच जण गॅस भरायला धावतात. माझं म्हणणं, आधी हीटर बघा.

इंजिनात तापलेलं कूलंट दोन होजमधून डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरात फिरतं. बऱ्याच जुन्या गाड्यांत ते अडवायला केबलवर चालणारा वॉल्व्ह असतो. केबल निसटली किंवा वॉल्व्ह जाम झाला, की पाटाचं दार उघडं राहिल्यासारखं गरम पाणी चालूच. जिथं वॉल्व्ह नसतो, तिथं हवा वळवणारी झडप अडकलेली असू शकते. इंजिन बंद ठेवून एकानं नॉब फिरवावा, दुसऱ्यानं वॉल्व्हचा दांडा हलतो का ते बघावं.

दोन्ही होज एकमेकांना जोडून हीटर तोडणं हे अडचणीपुरतं ठीक, कायमचं नको. माल भरून घाट चढताना इंजिन तापायला लागलं, तर हीटर फुल्ल सोडून थोडी उष्णता बाहेर काढता येते. थंडीत काचेवर धरलेली वाफही तोच घालवतो.

होजला हात लावायचा तो इंजिन पूर्ण गार झाल्यावरच. तापलेलं कूलंट उसळून भाजतं. केबल बदला, वॉल्व्ह बदला, पण हीटर राहू द्या.