सातबारा मोजला, पाडा कोण मोजणार?

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते वाढवण बंदराची पायाभरणी झाली. ७६ हजार २२० कोटी रुपयांचा हा प्रकल्प आहे आणि त्यातून प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष सुमारे १० लाख रोजगार निर्माण होतील, असे केंद्र सरकारने सांगितले आहे. देशाला खोल पाण्याचे मोठे बंदर हवे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मात्र त्याच डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील तरुण आजही पहाटे उठून उंबरगाव आणि वापीच्या कारखान्यांची वाट धरतो. भातकापणी आटोपली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि मच्छीमार बोटींवर कामाला जातात. या दहा लाखांत त्यांचा वाटा किती आणि त्यांच्या मुलांची घरे उद्या कोणत्या जमिनीवर उभी राहणार, याचा हिशेब कोणत्या कार्यालयात मांडला गेला आहे?

तीन दशकांचे कुलूप

या प्रश्नाचे मूळ २० जून १९९१ च्या अधिसूचनेत आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्या दिवशी डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला. संपूर्ण तालुक्यात उद्योगांसाठी कमाल ५०० एकर जमीन ठरविण्यात आली आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा संरक्षक पट्टा आखण्यात आला. राज्य शासनाने एका वर्षात प्रादेशिक योजना तयार करावी, तीत हिरवे क्षेत्र, फळबागा आणि आदिवासी क्षेत्रे स्पष्ट दाखवावीत, असेही त्यात नमूद होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. घोलवडचा चिकू टिकला, औष्णिक वीज केंद्राच्या धुरावर अंकुश आला, याचे श्रेय या व्यवस्थेला द्यावेच लागेल.

परंतु कुलूप लावणे म्हणजे नियोजन नव्हे. काय करू नये, याची यादी तयार झाली. काय करावे, याचा कागद कोराच राहिला. डहाणू-चिंचणीचा डायमेकिंगचा व्यवसाय, फुग्यांचे कारखाने, चिकूवरील प्रक्रिया, वारली चित्रकला हे सारे निरुपद्रवी आणि हाताला काम देणारे उद्योग. त्यांच्यासाठी कोणती जागा, किती वीज, कोणता रस्ता, याचा तालुकावार विचार झाला असता तर संरक्षण आणि रोजगार एकत्र नांदले असते. याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदराला परवानगी नाकारली होती आणि ३१ जुलै २०२३ रोजी अटींसह ना हरकत दिली. म्हणजे राष्ट्रीय प्रकल्पासाठी कुलूप उघडू शकते. तेच पाड्यावरच्या छोट्या कार्यशाळेसाठी उघडायला कोणी किल्ली शोधली का?

नकाशात नसलेले गाव

जमिनीची पारख आपल्याकडे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार होते. विद्यमान जमीन वापराचा नकाशा काढायचा, लोकसंख्येचा अंदाज बांधायचा आणि निवासी, औद्योगिक, शेती असे पट्टे रंगवायचे. नगरपरिषद आपल्या हद्दीची विकास योजना करते. खेड्यांचे भवितव्य मात्र नगररचना विभागाच्या मेजावर ठरते. ग्रामपंचायतीच्या हाती उरते ती हरकत नोंदविण्याची मुदत, तीही नकाशा छापून झाल्यावर.

शिवाय या नकाशाचे गृहीतकच देशावरच्या खेड्याचे आहे. मध्यभागी गावठाण, भोवती शेती. गावठाणापासून ठरावीक अंतरापर्यंत घरबांधणीस सवलत, ही पद्धत त्यातूनच आली. डहाणू-तलासरीत असे एकवटलेले गाव बहुतेक ठिकाणी नाहीच. येथे पाडे आहेत. डोंगराच्या कुशीत, ओढ्याच्या काठी, एकमेकांपासून दूर. कित्येक पाडे वनजमिनीला खेटून आहेत. तलासरीत दर दहा माणसांमागे नऊ वनवासी आहेत. त्यांच्या घरांची वाढ नकाशातल्या गावठाणात मावणार कशी? ही अडचण राज्यपालांनाही जाणवली. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांनी पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून वनहक्क कायद्यात बदल केला आणि अनुसूचित क्षेत्रातील कुटुंबांना लगतच्या वनक्षेत्रात घर बांधण्याचा मार्ग खुला केला. जे घटनात्मक पदावरून दिसले, ते नियोजनाच्या नकाशात अजून उमटायचे आहे.

दुसरा धडा निसर्गाने दिला. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. चारहून अधिक तीव्रतेचे धक्केही बसले. घरांना भेगा पडल्या, माणसांनी थंडीत रात्री तंबूंत काढल्या. घरासाठी योग्य जमीन कोणती, हे ठरविताना या भागात भूगर्भाचा विचार पहिला हवा. तो न करता मंजूर केलेले प्रत्येक घरकुल हा जिवाशी खेळ ठरेल.

घाई कोणाला, विचारणा कोणाची?

आता वाढवणच्या परिसरात ‘चौथी मुंबई’ उभारण्याच्या घोषणा होत आहेत. बुलेट ट्रेन आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग याच तालुक्यांतून जातात. मोजणी थांबली तर विकास थांबेल, असे एक गट म्हणतो. जमिनीला हात लावला तर निसर्ग मरेल, असे दुसरा गट मुंबईत बसून सांगतो. दोघांच्याही युक्तिवादात पाड्यावरचा माणूस नाही. कायद्यात मात्र तो आहे. १९९६ चा पेसा कायदा भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय करण्याचे बंधन घालतो. राज्याचे २०१४ चे पेसा नियम तर पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची संधी देतात. घटनेच्या २४३ झेडडी कलमानुसार ग्रामपंचायती आणि नगरपालिकांच्या योजना एकत्र करून जिल्ह्याचा आराखडा बनविणे हे जिल्हा नियोजन समितीचे काम आहे. ही समिती निधीवाटपाच्या बैठकीपुरती उरली असेल, तर तो दोष घटनेचा नव्हे.

इंग्लंडमधील स्थानिक परिषदा घरे व रोजगारासाठी जमिनीची पाहणी करताना तीन प्रश्न विचारतात. जागा योग्य आहे का? ती खरोखर उपलब्ध आहे का? तेथे काम प्रत्यक्षात होऊ शकेल का? हे प्रश्न विचारायला परदेशी तज्ज्ञ लागत नाहीत. धुंदलवाडीची किंवा गंजाडची ग्रामसभा ते अधिक नेमकेपणाने विचारू शकते. पावसाळ्यात पाणी कुठे तुंबते, विहीर कुठे आटते, देवाची जागा कोणती, हे तिला कागद न पाहता ठाऊक असते.

म्हणूनच मागणी साधी आहे. प्रत्येक ग्रामसभेने आपली जमीन-नोंदवही करावी. कोणाकडे किती जमीन व वनपट्टा, येत्या वीस वर्षांत किती नवी घरे लागतील, कोणती जागा धोक्याची, कोणती जागा उद्योगासाठी गाव स्वखुशीने देऊ शकते, हे तीत लिहिलेले असावे. ही नोंदवही जोडल्याशिवाय या दोन तालुक्यांतील कोणताही नवा पट्टा रंगवला जाऊ नये. काम अवघड नाही. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, महाविद्यालयीन तरुण आणि गावोगावचे कार्यकर्ते एका उन्हाळ्यात ते पाड्यापाड्यांवर उभे करू शकतात.

आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींच्या हाती जाऊ नये, म्हणून महसूल संहितेत कलम ३६ अ आले. परंतु जमीन केवळ खरेदीखताने जात नाही. ती नकाशावरच्या रंगानेही जाते, आणि तो रंग भरला जात असताना मूळ मालकाला बहुधा पत्ताही नसतो. बंदर उभे राहील, गाड्या धावतील. त्या धुळीत वारली पाडा आपल्याच भूमीवर भाडेकरू होणार की भागीदार, हे ठरविण्याची वेळ नकाशा छापून होण्याआधीची असते. ती वेळ आज आहे.