चिखल नाही तर रोवणी नाही

मागच्या महिन्यात रोवणीसाठी चार दिवस घरी गेलो होतो. घर म्हणजे अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया. (सडक अर्जुनी नव्हे, ती वेगळी. हा खुलासा मी आयुष्यभर करत आलोय.) "सुट्टीवर आहे, लॅपटॉप उघडणार नाही" असं हापिसात ठणकावून सांगून निघालो होतो. शुक्रवारी संध्याकाळी फोन आलाच. "तुझ्या ड्रायव्हरमुळे आमचा बिल्ड फुटतोय रे."

ज्यांचा या भानगडीशी रोज संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लिनक्सचं कर्नल बिल्ड करण्याआधी ठरवावं लागतं की त्यात काय काय हवंय. कुठला प्रोसेसर, कुठलं नेटवर्क कार्ड, कुठली फाइल सिस्टिम.. असे पर्याय दहा हजारांच्या वर आहेत, आणि सगळे एकमेकांत गुंतलेले. यूएसबीच बंद केलं तर यूएसबी कॅमेऱ्याला काय अर्थ? हा गुंता सांभाळायला २००२ साली रोमन झिप्पेल यांनी लिहिलेली 'केकॉन्फिग' ही व्यवस्था कर्नलमध्ये आली. पुढे बिझीबॉक्स, बिल्डरूट, यू-बूट, झेफिर यांनीही तीच पद्धत उचलली.

त्यात दोन शब्द महत्त्वाचे. 'डिपेंड्स ऑन' म्हणजे "अमुक असेल तरच मी". आणि 'सिलेक्ट' म्हणजे "मला घेतलंत ना, मग अमुकही घ्यावंच लागेल". ऐकायला दुसरा जास्त सोयीचा वाटतो. एक टिक मारली की बाकीचं आपोआप येतं! पण गोम अशी आहे की सिलेक्ट एखादा पर्याय चालू करताना त्या पर्यायाच्या स्वतःच्या अटी बघतच नाही. सरळ चालू करून टाकतो. कर्नलच्या कागदपत्रांतच लिहिलंय की हा शब्द जपून वापरा.

मी जपून वापरला नव्हता. माझा सेन्सर आय-टू-सी बसवर बोलतो. त्यासाठी कर्नलमध्ये 'रेगमॅप आय-टू-सी' नावाचा एक छोटा मदतनीस आहे, आणि त्याची स्वतःची अट आहे की आय-टू-सी चालू हवं. मी मदतनीस सिलेक्ट केला, पण माझ्या ड्रायव्हरवर 'डिपेंड्स ऑन आय-टू-सी' ही ओळ लिहायची राहिली. माझ्या बोर्डवर आय-टू-सी कायम चालू, त्यामुळे कधी कळलंच नाही. दुसऱ्या टीमने त्यांच्या बोर्डवर ते बंद केलं, समाईक कॉन्फिगमध्ये माझा ड्रायव्हर मात्र चालूच. केकॉन्फिगने बिचाऱ्याने इशारा दिला होता की अट पूर्ण होत नाहीये. पण बिल्डच्या लॉगमध्ये इशारे वाचतो कोण? मदतनीस जबरदस्तीने आत गेला, त्याला लागणारा कोड जागेवर नाही, आणि लिंकरने हात वर केले. चूक एका ओळीची. शुक्रवारची संध्याकाळ गेली दुसऱ्याची.

गंमत म्हणजे त्याच सकाळी बांधीवर मी हेच केलं होतं. पऱ्हे तयार होते, रोवणीच्या बाया ठरल्या होत्या, पण पाऊस दडी मारून बसलेला. मी बाबांना म्हटलं, "बाया आल्याच आहेत तर लावून टाकू, पाऊस येईलच की." बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "चिखल नाही त रोवाचं कशात?" यालाच म्हणतात डिपेंड्स ऑन!

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. डिपेंड्स ऑन काही फार गुणाचं बाळ नाही. अट पूर्ण नसेल तर पर्याय मेनूतून चक्क गायब होतो, आणि नवखा माणूस तासभर शोधत बसतो. त्याहून वाईट म्हणजे कुणी वरचा पर्याय बंद केला तर तुमचा पर्यायही कॉन्फिगमधून गुपचूप गळतो. बिल्ड पास, सगळं हिरवं, आणि बोर्डवर सेन्सर मुका. यात आमचे एकदा तीन दिवस गेले आहेत. म्हणून माझा एक मित्र म्हणतो, "सिलेक्ट परवडला, निदान बोंबलतो तरी."

मला हे पटत नाही. इथे दोष अटीचा नाही, मुकेपणाचा आहे. आणि मुकेपणावर इलाज आहेत. मेनूकॉन्फिगमध्ये स्लॅश दाबून पर्याय शोधला तर तो कुठे आहे आणि कुठल्या अटीवर अडलाय ते दिसतं. कर्नलसोबतच 'मर्ज कॉन्फिग' नावाची स्क्रिप्ट येते. तुम्ही मागितलेलं शेवटच्या कॉन्फिगमध्ये उतरलं नाही तर ती तसं सांगते. आम्ही आता तसा इशारा आला की बिल्डच नापास करतो. आणि नम्र सिलेक्ट हवा असेल तर २०१७ च्या ४.१० आवृत्तीपासून 'इम्प्लाय' आहे. तो अटी पाळतो, आणि वापरणाऱ्याला नाही म्हणू देतो.

माझा नियम सोपा आहे. माणूस स्वतः निवडतो अशा गोष्टीवर डिपेंड्स ऑन. पडद्यामागच्या छोट्या मदतनिसाला सिलेक्ट, आणि त्या मदतनिसाच्या काही अटी असतील तर त्या आपल्या अंगावर घ्यायच्या. कारण सिलेक्ट लिहिताना आपले दोन मिनिटं वाचतात, आणि त्याचं बिल फाटतं कुणा अनोळखी माणसाच्या नावावर, तेही सहा महिन्यांनी.

असो. पाऊस रविवारी आला. रोवणी झाली. माझी एक ओळ सोमवारी मर्ज झाली. तुमच्या प्रोजेक्टमध्ये असे किती सिलेक्ट दडलेत, सोमवारी हापिसात गेल्यावर एकदा शोधून बघा. आणि हो, लॉगमधले इशारे वाचत जा रे बाबांनो!