आधी आपला दिवा बघा!

१९६८च्या कॉर्व्हेटचे हेडलाइट पुढच्या भागात लपलेले असतात, इंजिनच्या व्हॅक्यूमवर वर येतात. एखादी नळी गळली की एकच दिवा उघडतो आणि गाडी चक्क डोळा मारते! सेमिनारसाठी हे वाचताना मला हसू आलं. पण अमेरिकेतले हौशी लोक हे घरीच नीट करतात. आधी दिवा पूर्ण वर येऊन घट्ट टेकतोय ना ते बघायचं, मग २५ फुटांवरच्या भिंतीवर झोत टाकून स्क्रू फिरवायचे. कशासाठी? समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून.

आणि आपण? गेल्या महिन्यात माझ्याच बाईकच्या झोतानं एक सायकलवाले काका रस्त्याखाली उतरले. मित्रांनो, हॉस्टेलला भिंत आहे, स्क्रूड्रायव्हरही आहे. रविवारी येताय?