सहल अभयारण्यात न्यायची असेल तर…



चौथीच्या वर्गाला मी न्यूझीलंडच्या फियोर्डलँड राष्ट्रीय उद्यानाचा व्हिडिओ दाखवला. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधे समुद्राचं पाणी. एक मुलगा लगेच म्हणाला, "सर, यंदाची सहल तिकडंच न्या की!" वर्ग हसला. पण मला वाटलं, पोराची मागणी काही चुकीची नाही.

हिमनदीने कोरलेल्या खोल दरीत पुढे समुद्र शिरला की फियोर्ड तयार होतो. सह्याद्रीत तसं काही नाही. पण कड्यांच्या कुशीतलं पाणी आणि रान बघायचं तर आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे आणि तिथेच भंडारदरा. फरक एवढाच की हे पाणी माणसाने अडवलंय. प्रवरेवरचं हे धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. हा फरक मुलांना सहलीआधीच सांगायला हवा.

माझं मत स्पष्ट आहे. सहल रानात न्यावी, पण नेहमीच्या पद्धतीने आखू नये. एका दिवसात दोन देवस्थानं, एक धरण, एक वॉटरपार्क अशी आपली यादी असते. हिशोब करून बघा. पुणतांब्याहून लोणी, संगमनेर, अकोले, राजूर करत भंडारदऱ्याला जायला तीन-साडेतीन तास लागतात. येणं-जाणं मिळून सात तास गेले. सकाळी सहाला निघून संध्याकाळी सातला परत यायचं, तर उरले सहा तास. त्यात जेवण आलं, हजेरी आली. चार ठिकाणं धरली तर मुलं बसच बघतात. म्हणून धरण परिसर आणि रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, एवढंच ठेवावं. कळसूबाईच्या शिड्या आणि सांदण दरीतले दगडधोंडे प्राथमिकच्या मुलांसाठी नाहीत. कुणी कितीही आग्रह केला तरी तिथे नाहीच म्हणावं.

हा हिशोब मुलांनाच करायला द्या. अंतर, वेळ, एसटीची सवलत धरून माणशी खर्च, सगळं गणित त्यात येतं. नकाशावर प्रवरा रतनगडापासून बोटाने गिरवत न्यायला सांगा. प्रवरासंगमला ती आपल्या गोदावरीला भेटते. गावाच्या घाटावर रोज खेळणाऱ्या मुलांना ही गोष्ट कळली की सहलीचा अर्थच बदलतो.

दुसरी गोष्ट गर्दीची. फियोर्डलँड हे जवळपास आपल्या पाऊण जिल्ह्याएवढं आहे. तरीही तिथल्या मिलफर्ड ट्रॅकवर हंगामात स्वतंत्रपणे चालणाऱ्या फक्त ४० जणांना रोज सोडतात. आधी नोंदणी करायची आणि एकाच दिशेने चालायचं. आपल्याकडे मे अखेरीस काजवे बघायला भंडारदऱ्याला गाड्यांची रांग लागते. ज्या अंधारात काजवे चमकतात, तो अंधारच हेडलाइट घालवून टाकतात. आपण दीडशे पोरं, स्पीकर आणि कुरकुऱ्यांची पाकिटं घेऊन गेलो तर वेगळं काय करणार? त्यापेक्षा दोन वर्गांची वेगळी सहल काढावी. वनखात्याच्या नाक्यावरचे नियम आधी विचारून घ्यावेत. कचरा परत आणायला प्रत्येकाच्या दप्तरात एक रिकामी पिशवी असावी. आणि दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, फक्त ऐकायचं, एवढा एक उपक्रम ठेवावा.

डिसेंबरात धबधबे आटलेले असतात, हेही पालकांना आधीच सांगावं. नाहीतर "पैसे घेतले आणि काहीच दाखवलं नाही" असं ऐकावं लागतं. आणि त्यांचंही खरं आहे. मजुरीतून साठवलेले पैसे असतात ते. काही मुलांची वर्षातली हीच एक सहल असते. तिची आखणी आपण घाईत, मागच्या वर्षीचा कागद पुढे ओढून करू नये.

न्यूझीलंडला आपण नेऊ शकत नाही. पण आपल्याच जिल्ह्यातलं रान त्यांना नीट दाखवणं आपल्या हातात आहे.